सतरा जणांची इर्जिक

— न्हाई न्हाई, त्या खुर्चीवर नका बसू सर, तिचा पाय मोडलाय, हिकडं या, हितं पंख्याखाली — पंखा काय फिरायचा न्हाई, लाईटच गेलीया तर, पण सवय लागलीया, माणूस आला की पंख्याखाली बसवायचा. पासवर्ड ना, त्या परदेशी शाळंच्या मेलचा? देतो की. पासवर्ड काय पळून चाललाय? आधी लाईट तर येऊ द्या. लाईटीबिगर तो पासवर्ड घेऊन करणार काय, खिशात घालणार? नसरापुरात शनवारची लाईट म्हंजी — जाऊ द्या, तुमी नवीन हाय, कळंल हळूहळू. च्या सांगू का? बिनसाखरंचा? एवढ्या तरण्या वयात बिनसाखरंचा? बरं बाबा, तुमची मर्जी.

तर हेडमास्तरांनी पाठवलं म्हणा तुमाला. ऐकलं मी, शाळेत कम्प्युटर आलं, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं दिलं, चांगलं धा-बारा. लई चांगलं झालं, खरंच सांगतो, मनापासून सांगतो. आता पोरास्नी विंझरच्या वरनं एस्टी धरून हितवर याला नको, बायांनी काळजी कराय नको, काय नको. वर्गात बसायचं, बटन दाबायचं, आन् परदेशातल्या शाळेशी बोलायचं. आमच्या टायमाला — आमच्या म्हंजी माझ्या न्हाई, शेफालीबाईंच्या टायमाला — एकच मशीन चालायची हितं. तीन व्हत्या, पण एक कायम आजारी, दुसरी लई गरम व्हायची, मग तिसरीवरच सतरा पोरं. सतरा! ह्या एवढ्याशा गाळ्यात! हितं आधी माझा एसटीडीचा बूथ व्हता ना, काचंचा डबा, त्यो काढला आन् मशीनी बसवल्या. शमीम म्हणली, काय येड लागलंय का, म्हातारपणी कम्प्युटर? शमीम म्हंजी माझी बायको. व्हय, गेली ती. झाली की आता बरीच वर्सं. तिनं ती पोरं बघितली न्हाईत, न्हाईतर तिनं मलाच भाईर काढून त्यास्नी आत बसवलं असतं.

शेफालीबाई कोण म्हणताय? आवं, तुमच्या आधी इंग्रजीला व्हत्या त्या. पुण्याच्या. बारीक चणीच्या, पण आवाज असा की रस्त्यावरचा टेम्पो थांबावा. त्यांनीच कुठनं तरी हे जुळवून आणलं — दोन देशांतल्या दोन शाळांची जोडी लावायची, एकच विषय घ्यायचा, हिकडच्या पोरांनी हिकडचं लिवायचं, तिकडच्यांनी तिकडचं, आन् मग एकमेकांचं वाचायचं. विषय आला पाणी. आन् देश आला एस्टोनिया. तुमाला म्हाईत हाय कुठंय? मला न्हवता म्हाईत. हितं भिंतीला नकाशा व्हता माझ्याकडं, बूथातला, फोनचं कोड बघायला लावलेला — त्यात त्यो देशच न्हाई! नकाशा जुना, तिथं नुसता रशिया. त्या स्वरूपनं, सतरातल्याच एका पोरानं, पेनानं एक टिंब काढलं समुद्राच्या कडंला आन् म्हणला, चाचा, हितं हेल्वीबाईंची शाळा. हेल्वीबाई म्हंजी तिकडच्या मास्तरीण. बघा, अजून हाय ते टिंब. कॅलेंडराच्या मागं. नका उठू, नका उठू, तसं काय बघण्यासारखं न्हाई त्यात.

शनवारी सकाळची शाळा सुटली की यायची पोरं. एस्टी फाट्याला लागली की हितवर कळायचं, एवढा कालवा. चपला दाराशी — दाराशी कसल्या, पार शेजारच्या सायकलवाल्याच्या दुकानापतोर चपला. त्यो वरडायचा, मी त्याच्यावर वरडायचो. मी पोरांवरबी वरडायचो, खोटं कशाला बोलू. हात धुवा, बटनांवर भडंग सांडू नका, माऊसची वायर वढू नका. ती भ्यायची न्हाईत. सगुणा म्हणून एक पोरगी व्हती, आजीचं नाव ठिवलेलं, ती माझी नक्कल करायची — कमरंवर हात ठिवून, अशी मान वाकडी करून, "माऊस म्हंजी उंदीर न्हाई, शेपटीला धरून उचलू नका." सगळी हसायची. मीबी हसायचो, पण तोंड फिरवून. दुकानदारानं पोरांम्होरं हसलं की संपलं.

आता झालं काय ते ऐका, तुमाला उपयोगाचं हाय, तुमीबी हेच चालवणार म्हणून सांगतो. तिकडनं प्रश्न आलं. तुमच्या घरी पाणी कोण आणतं, कुठनं आणतं, पाणी कधी आटतं, आटलं की काय करता, असं. शेफालीबाई म्हणल्या, परत्येकानं लिवा, मी जरा तालुक्याला कामाला जाऊन येते. आन् गेल्या. आता सतरा पोरं, एक मशीन. पोरांनी काय करावं? त्यांनी इर्जिक घातली! इर्जिक म्हाईत हाय ना तुमाला? तुमी सोलापूरकडचं, तिकडं काय म्हणत्यात कुणास ठाऊक. हितं भातलावणीला एकट्याच्या घरचं हात पुरत न्हाईत. मग सगळी भावकी, शेजारपाजार, सगळी मिळून आज एकाच्या रानात उतरायचं, दिस मावळायच्या आत त्याचं रान लावून मोकळं. उद्या दुसऱ्याचं. परवा तिसऱ्याचं. मजुरी न्हाई, काय न्हाई, ज्याचं रान त्यानं त्या दिवशी जेवण घालायचं. जन्मल्यापासनं बघितलेलं पोरांनी. मग हितं आठ-धा प्रश्न आन् सतरा नावं बघितल्यावर त्यास्नी दुसरं काय सुचणार? सगुणा म्हणली, पहिलं स्वरूपचं लावू. झालं! स्वरूपच्या नावानं सगळी बसली. एकानं विहिरीत दोर सोडून माप घेतलं व्हतं, त्यानं माप सांगितलं. एकीची आई डोंगरातल्या झऱ्यावरनं आणती, तिनं ते सांगितलं. एवढा पाऊस पडतो आमच्याकडं, डोंगर फुटावा असा, आन् एप्रिलात प्यायला न्हाई, ते एकानं सांगितलं. सगुणानं एक वाक्य केलं — आमची विहीर एप्रिलात झोपती आन् तिला उठवायला कुणी जात न्हाई. इंग्रजीत केलं हां! मला आजूनबी पाठ हाय. स्वरूपचं रान लागलं. मग सगुणा म्हणली, आता माझं. आन् तेच लिवलं. मग तिसऱ्याचं, तेच. मी म्हणलं, आरं, नुसतं नाव बदलून काय पाठवताय? तर स्वरूप काय म्हणला म्हाईत हाय? म्हणला, चाचा, पहिल्याच्या रानात ओळ सरळ लावायची आन् दुसऱ्याच्या रानात मुद्दाम वाकडी लावायची व्हय? मला तर पटलं. मी उठलो, घरी गेलो, मोठ्या टोपात डाळभात केला आन् आणला हितं. इर्जिक माझ्या गाळ्यात, मग जेवण कुणाकडं? हितं खाली बसून जेवली सगळी, कागदावर. अशी गंमत आली त्या दिवशी — सर, मी खरं सांगतो, माझ्या पोराच्या लग्नातबी मला तेवढं बरं वाटलं न्हवतं.

आन् मग हेल्वीबाईंची मेल आली.

काय आली, त्यांचीबी चूक न्हाई म्हणा. लिवलं व्हतं, मला फार वाईट वाटलं, मी सतरा मुलांना विचारलं आन् मला एकच मूल भेटलं, त्याला सतरा नावं हायत. एकमेकांचं उतरवणं आमच्या शाळेत चालत न्हाई, म्हणून हे आपण हितं थांबवू. शेफालीबाईंनी मोठ्यानं वाचलं आन् मराठीत सांगितलं. मग त्या पोरांवर घसरल्या — परदेशात नाक कापलंत माझं, चोर कुठले. चोर! सगुणा एवढंच म्हणली, "पण बाई, आमी सगळ्यांनीच केलं की." बाईंनी ऐकलं न्हाई. त्याबी रडत व्हत्या, काय करणार, लहानच की त्या, तुमच्या वयाच्या. पोरं एक-एक करून चपला घालून गेली. बिनआवाजाची. त्या दिवशी पहिल्यांदा मी एस्टीचा हॉर्न हितनं ऐकला. म्होरच्या शनवारी मी चपलांसाठी फळी लावून ठिवली व्हती दाराशी, नवी. कोण आलं न्हाई. बाई मे महिन्यात लग्न करून गेल्या, पोरं दहावी झाली, कुणी भोरला, कुणी पुण्याला, सगुणाचं तर लगीनच झालं म्हणं पानशेतकडं. फळी दिली मग सायकलवाल्याला.

तर ते असं संपलं. म्हणून सांगतो, तुमी प्रश्न आलं की पोरांना एकटं सोडू नका, आन् हेल्वीबाईंना आधीच कळवून ठिवा, आमच्याकडं असं-असं असतंय. तशा त्या समजून घेत्यात. माणूस चांगलं हाय. आता तर बिचारीचा गुडघा इतका दुखतोय थंडीनं, की शाळंच्या पायऱ्या — आँ? काय म्हणलात? न्हाई, ते — मला कसं म्हाईत म्हंजी — हे असंच, कुठंतरी — च्या घ्या की, गार व्हतोय.

बरं. बघताय काय असं? सांगतो. न्हाईतरी तुमी पासवर्ड टाकला की सगळं दिसणारच हाय तुमाला.

त्या पोरांना चोर म्हणलेलं मला सोसलं न्हाई. बास, एवढंच व्हतं ते सुरवातीला. आमच्या गाळ्यात बसून डाळभात खाल्लेली पोरं चोर? म्हणून मी हेल्वीबाईंना लिवलं. पासवर्ड मला म्हाईत व्हता, बाईंनीच माझ्या म्होरं टाकलेला. माझं इंग्रजी कसलं, बूथावरचं — होल्ड ऑन, राँग नंबर, लाईन बिझी. डिक्शनरी घेऊन बसलो. इर्जिक काय असती, कशी घालत्यात, पहिल्याच्या रानात सरळ आन् दुसऱ्याच्या रानात वाकडी का लावायची न्हाई, सगळं लिवलं. खाली सही करायची येळ आली तवा वाटलं, लतीफ म्हंजी कोण तिच्यासाठी? कुठला तरी दुकानदार. म्हणून लिवलं, आमी सगळी पोरं. तेवढंच लिवलं. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर.

तर आठवड्यात उत्तर! सर, ते उत्तर मी डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलं. लिवलं व्हतं, मला माफ करा, माझ्या लहानपणी आमच्या गावातबी असंच व्हतं, आमी त्याला ताल्गुद म्हणायचो. बटाटं काढायला सगळा गाव एकाच्या शेतात उतरायचा, आन् ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. तेबी तसंच! जेवणबी! म्हणली, मी मास्तरीण झाले आन् विसरले. आता ताल्गुद कुणी घालत न्हाई, तरणी माणसं कामाला समुद्रापल्याड गेली, गाव मोकळा पडलाय. मग खाली लिवलं, मुलांनो, पुन्हा सुरू करूया. आन् नवीन प्रश्न. आता मी काय करू? मुलं कुठनं आणू? लिवायचं व्हतं की मुलं न्हाईत म्हणून. दोनदा लिवलंबी आन् पुसलं. त्या बाईनं माफी मागितलेली, तिला काय सांगू, माफी घ्यायला हितं कुणी न्हाई म्हणून? मग मीच लिवलं उत्तर. सतरा जणांचं. ह्या टायमाला परत्येकाचं येगळं, शिकलो व्हतो ना एकदा! स्वरूपच्या नावानं बैलाचं, सगुणाच्या नावानं — तिच्या नावानं लिवताना सोपं जायचं. एकदा तिच्या नावानं लिवलं, आमच्या घरी आता एकट्यापुरताच भात शिजतो, पण हाताला माप बसत न्हाई, रोज उरतो. पाठवून दिल्यावर ध्यानात आलं, चौदा वर्सांची पोर असं लिवंल व्हय?

दर शनवारी मेल येती तिकडनं. पोरगा माझा हडपसरला हाय, आसिफ, नोकरी हाय, दोन लेकरं हायत, मोबाईल हाय त्याच्याकडं, माझ्याकडंबी हाय. करतो फोन. ईदला करतो. न्हाई, वंगाळ न्हाई त्यो, त्याला त्याचा व्याप. पण आज काय शिजवलं, हे मला इचारणारी तीच एक हाय, सर. आन् तीबी मला न्हाई, सगुणाला इचारती.

थांबा, संपलं न्हाई अजून. मेन गोष्ट तर राहिलीच. तिकडची पोरं व्हती ना, तिच्या वर्गातली — तीबी लिवायची सुरवातीला. एक मार्टिन व्हता, नुसता कुत्र्याचं लिवायचा. एक पोरगी घोड्याचं. एकाला सगळ्या जगाचा राग. परत्येकाचं येगळं, वाचताना मजा यायची. मग ह्या थंडीपासनं काय झालं कुणास ठाऊक — सगळी पोरं एकसारखंच लिवाया लागली. दाराम्होरचा बर्फ मीच काढतो. लाकडं ओली निघाली. रेडिओ रातभर चालू ठेवतो. आन् मार्टिननं लिवलं, पायऱ्या चढताना माझा गुडघा दुखतो. एवढ्याशा पोराचा गुडघा? कुत्र्याचं एक अक्षर न्हाई! मी वाचत बसलो, परत वाचलं, आन् मग मला समजलं. शाळा बंद झाली असंल, सर. तिनं लिवलेलं एकदा, पोरं कमी झाली, बंद करणार म्हणून. आता तिकडंबी कुणी न्हाई. तीच एकटी बसती आन् सगळ्या वर्गाचं लिवती. एकट्यानं घातलेली इर्जिक. मला वळखू येणार न्हाई तर कुणाला येणार?

आन् तिलाबी कळलंच असंल की माझं. मास्तरीण हाय ती. पहिल्या झटक्यात पकडलं व्हतं तिनं, मग आता पकडलं नसंल? त्या उरलेल्या भाताचं वाचून? पण बोलली न्हाई. मीबी बोललो न्हाई. दोघंबी शनवारची वाट बघतो, बास.

आली लाईट. बघा, पंखा फिरला. अर्रर्र, नका उठू, मशीन चालू व्हायला टाईम लागतो, म्हातारी झालीया. मी टाकतो पासवर्ड, सरका जरा. न्हाई, राग कसला? तुमची शाळा, तुमची पोरं, खरीखुरी पोरं, पहिल्यापासनं त्यांचंच हाय हे. तिलाबी बरं वाटंल — खरी पोरं लिवतील, कुत्र्याचं लिवतील, घोड्याचं लिवतील, चुका करतील. मी काय, त्याच-त्याच चुका करतो. फक्त एक ऐका माझं. तुमच्या पोरांनी प्रश्न इचारलं आन् तिकडनं वर्गभर उत्तरं आली, आन् ती सगळी एकसारखी निघाली — तर तिला लिवू नका, की आमाला एकच मूल भेटलं म्हणून. तुमी शिकलेलं हाय, तुमाला लगेच कळंल, पण नका लिवू. पोरास्नी सांगा, लई चांगलं लिवलंय म्हणून कळवा. आन् गुडघ्याला काय लावायचं ते कुणाच्या तरी आजीला इचारून कळवा. मी कळवणार व्हतो आज.

हां, उघडलं. ते वर ठळक काळं अक्षर दिसतंय ना, ती तिची नवीन मेल — आजची हाय. न्हाई, नका, नका उघडू हितं. शाळंत उघडा. आधी पासवर्ड बदला. आत्ता, माझ्याम्होरं बदला, हेडमास्तरांनी हाय तोच ठिवा म्हणलं असंल, ते ऱ्हाऊ द्या, मी सांगतोय म्हणून बदला. मला म्हाईत असला तर मी बसणार, सर, मी माणूस हाय. मी तिकडं तोंड करतो, रस्त्याकडं. टाका तुमाला काय टाकायचं ते. मोठ्यानं बोलू नका टाकताना.

झालं?

बरं केलंत. च्याचं ऱ्हाऊ द्या, जावा आता, विंझरची गाडी लागली असंल. मला शटर वढायचंय.

— आता का, म्हंजी? शनवार हाय. शनवारी कोण येतंय हितं.